बी.एड. झालं? मग आधी आपला रकाना शोधा

परवा सोलापूरच्या एसटी स्टँडवर तुळजापूरच्या गाडीची वाट बघत उभी होते. मागून कुणीतरी हाक मारली. बघितलं तर माझ्याकडे दहावीला गणिताच्या शिकवणीला येणारी मुलगी. आता बी.एस्सी. बी.एड. होऊन बसलीय. पेढा दिला आणि लगेच प्रश्न, "ताई, सोलापुरात शिक्षकांच्या जागा किती निघणार ओ?"

2017 साली बी.एड. झाल्यावर मीही हेच विचारत फिरत होते. सात वर्षं. 2024 साली लागले तेव्हा कळलं की प्रश्नच चुकला होता. जागा किती आहेत ते विचारायचं नसतं. आपल्या रकान्यात किती आहेत ते विचारायचं असतं. तिला गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. इथे सगळं लिहिते.

रकाना म्हणजे काय? तुम्ही कोणत्या गटाला शिकवायला पात्र आहात, कोणत्या माध्यमातून, कोणत्या विषयाचे, कोणत्या प्रवर्गातले आणि समांतर आरक्षणात (माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त अशांसाठी प्रवर्गाच्या आत राखून ठेवलेल्या जागा) बसता का, या पाच गोष्टी एकावर एक ठेवल्या की उरतो तो तुमचा रकाना. 2023 च्या टेटला, म्हणजे शिक्षक भरतीच्या परीक्षेला, दोन लाखांहून जास्त पोरं बसली होती. तो आकडा ऐकून माझ्या दोन मैत्रिणींनी नादच सोडला. पण त्या दोन लाखांशी आपली स्पर्धा नसतेच. उर्दू माध्यमाचा उमेदवार मराठी माध्यमाची जागा घेत नाही, इतिहासवाला गणिताची घेत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, 21 हजार 678 जागांची जाहिरात आली. त्यातल्या 16 हजार 799 मुलाखतीशिवायच्या होत्या. पहिल्या यादीत नावं लागली 11 हजार 85. म्हणजे पोरं लाखांनी वाट बघत असताना पाच हजारांवर जागा रिकाम्या. माजी सैनिकासारख्या समांतर आरक्षणाच्या जागांना माणूसच नाही, कुठे त्या माध्यमाला-विषयाला उमेदवार नाही. गर्दी एका दाराशी आणि शेजारचं दार उघडं, असला प्रकार.

आता एकेक दार बघू.

पहिली ते पाचवीला डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपलं जुनं डी.एड. बी.एड.वाल्यांना हे दार बंद आहे. 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला बी.एड. चालणार नाही हे स्पष्ट केलं. यात माझी पहिली दोन वर्षं गेली. 2018 ला केंद्राने बी.एड.वाल्यांना प्राथमिकला मुभा दिली होती, म्हणून मी सगळं बळ लावून 2019 ला सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिली ते पाचवीसाठीचा पेपर एक काढला. प्रमाणपत्र लॅमिनेट करून आईने देव्हाऱ्याशेजारी लावलं. ते अजून तिथंच आहे, उपयोग शून्य. बी.एड. असाल तर पेपर दोनच द्या.

सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) नाहीतर सीटीईटीचा पेपर दोन. यात गणित-विज्ञान वेगळं आणि सामाजिक शास्त्र वेगळं. 150 प्रश्न, 150 गुण: बालमानसशास्त्र 30, दोन भाषा 30-30 आणि विषयाचे 60. खुल्याला 90 गुणांना पास, मागासवर्गीयांना 55 टक्के. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पूर्वीसारखी सात वर्षांची मुदत आता नाही. म्हणून हे पहिल्यांदा उरकून टाका, कॉलेजात असतानाच.

नववी-दहावीला बी.एड. आणि विषयाची पदवी, अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. या जागा बहुतेक खासगी अनुदानित संस्थांमध्ये असतात, त्यामुळे मुलाखतीसह प्रकारात येतात. त्याबद्दल पुढे.

टीईटी आणि टेट यात घोळ करू नका. नावं ठेवणाऱ्याला विचारायला पाहिजे, पण ते असो. टीईटी ही पात्रता आहे, पास झालं की झालं. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्यात पास-नापास नाही, गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि तीच नोकरी देते. ती दरवर्षी होत नाही. डिसेंबर 2017, मग थेट फेब्रुवारी-मार्च 2023, मग मे-जून 2025. एक हुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नाही. 2025 ला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू दिलं होतं, तेव्हा निकालाची वाट बघत अर्ज भरायचं राहू देऊ नका.

टेटला 200 प्रश्न आणि 120 मिनिटं. एका प्रश्नाला 36 सेकंद. 120 प्रश्न अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे, सगळं संगणकावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ही शेवटची ओळ मी 2017 ला वाचलीच नव्हती. अर्धवट येणारे 41 प्रश्न मी कोरे सोडून आले, गुण कापतील म्हणून! 98 गुण पडले. 2023 ला 139 पडले. मधल्या काळात मी काही फार हुशार झाले नव्हते. रोज सकाळी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून मोबाईलवर वेळ लावून 50 प्रश्न 30 मिनिटांत सोडवायचे, एवढंच. जे दहा सेकंदांत सुचत नाही ते ठोकून पुढे जायचं, ही सवय बी.एड.वाल्यांना लागत नाही, कारण आपल्याला सगळं समजावून सांगायची खोड असते. बालमानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं इथे कामाची नाहीत. कूटप्रश्न, क्रमश्रेणी, टक्केवारी, उतारे यांनीच गुण येतात. आणि संगणकाची सवय नसेल तर सायबर कॅफेत बसून दोन-चार सराव चाचण्या द्या. माउसने उत्तर निवडायला आणि पुढच्या प्रश्नावर जायला जे तीन सेकंद जातात तेही मोजले जातात.

सोलापूरकरांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. आपल्याकडे चार भाषा घरोघरी बोलल्या जातात, पण आपण बी.एड.ला बसलो की सगळे मराठी माध्यमाच्या रांगेत. ज्यांचं शिक्षण कन्नड किंवा उर्दू माध्यमातून झालंय त्यांनी ते लपवण्यासारखं काही नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात उर्दूच्या आहेत. रकाना लहान असतो, जागा कमी निघतात हे खरं, पण रांगही लहान असते. तसंच समांतर आरक्षणाचं. करमाळा, माढ्याकडच्या कितीतरी घरांच्या जमिनी उजनीत गेल्या. आजोबांच्या नावचा प्रकल्पग्रस्ताचा कागद ट्रंकेत पडलेला असतो आणि नातवाला पत्ता नसतो. माझ्याबरोबर बी.एड.ला असलेला एक जण त्या कागदावर माझ्याआधी लागला. घरी विचारा. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, खेळाडू, दिव्यांग, अनाथ, काय असेल ते अर्ज भरायच्या आधी शोधून ठेवा. नॉन-क्रीमीलेयर आणि ईडब्ल्यूएसच्या दाखल्याच्या तारखा जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीत बसतात का तेही बघा. सेतूत जून महिन्यात गेलात तर अॅडमिशनवाल्यांच्या गर्दीत हाल होतात. जानेवारीत, गड्डा यात्रा उरकली की जा.

जागा निघतात कशा, हे कळलं की बातम्यांवर नाचणं थांबतं. 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरतं. मग आधीचे अतिरिक्त ठरलेले शिक्षक रिकाम्या जागी बसवतात. उरलेल्या जागांची बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याची यादी, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. त्यानंतर जाहिरात पोर्टलवर चढते. यातल्या प्रत्येक टप्प्यावर फाईल अडकू शकते आणि अडकतेच. म्हणून "इतक्या हजार जागा भरणार" ही घोषणा ऐकून चालू काम सोडू नका. सोलापुरात पूनम गेटवर उपोषणाला बसलेली कितीतरी पोरं मी बघितलीत, मीही एकदा दोन दिवस बसले होते. बसायला हरकत नाही, पण महिन्याची मिळकत चालू ठेवून बसा.

एक नवी भानगडही आहे. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली, दोन वर्षांची मुदत देऊन. त्यामुळे त्यावर्षी नोव्हेंबरच्या टीईटीला आमच्या शाळेतले पन्नाशीतले गुरुजी पण बसले. नव्यांनी यावर डोळे लावून बसू नये असं माझं मत आहे. त्यांच्या जागा रिकाम्या होतील म्हणून कुणी हिशेब मांडत असेल तर तो हिशेब मला बरा वाटत नाही, आणि पक्काही वाटत नाही.

कुठली नोकरी आधी हवी याचा प्राधान्यक्रम पोर्टलवर भरताना माझ्या रकान्यातले बहुतेक जण सोलापूर जिल्हा परिषद पहिली, महापालिका दुसरी आणि पुढे रामभरोसे असं भरतात. मी नकाशा घेऊन बसले. सोलापूरहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं काय आहे? तुळजापूर तालुका दुसऱ्या जिल्ह्यात आहे, पण एसटीने तासाभराचा रस्ता. करमाळा आपल्याच जिल्ह्यात आहे, पण घरून रोज जाणं अशक्य. म्हणून मी धाराशिव जिल्हा परिषद वर ठेवली आणि तिथेच लागले. शाळा निवडायच्या समुपदेशनाला गेले तेव्हा शाळांची यादी भिंतीवर लावली होती. मी पटसंख्या बघितली नाही, रस्ता बघितला. हायवेपासून दोन किलोमीटरवरची शाळा घेतली. इथे एक धोका सांगते. आधी लांबचा जिल्हा घ्यायचा आणि मग बदली करून घरी यायचं, हा जुन्या मास्तरांचा सल्ला आता ऐकू नका. जून 2023 च्या शासन निर्णयाने नव्याने लागणाऱ्यांचा आंतरजिल्हा बदलीचा हक्क काढला. जो जिल्हा मागाल तिथेच निवृत्त व्हायचं आहे असं समजून मागा.

आता पैशांचं. लागल्यावर तीन वर्षं शिक्षण सेवक. 1 जानेवारी 2023 पासून मानधन प्राथमिक आणि उच्च प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार, उच्च माध्यमिकला 20 हजार. त्याआधी ते 6, 8 आणि 9 हजार होतं. म्हणजे मी आत्ता 16 हजारांवर आहे. लग्नाच्या बाजारात "सरकारी नोकरी" ऐकून पाहुणे खूश होतात आणि आकडा सांगितला की चहाचा कप खाली ठेवतात. पहिलं मानधन यायला मला चार महिने लागले, तेवढे दिवस भागतील इतके पैसे बाजूला ठेवूनच रुजू व्हा.

खासगी अनुदानित संस्थेत मुलाखतीसह प्रकारात पोर्टलवरून एका जागेसाठी अनेकांची नावं जातात आणि संस्था मुलाखत आणि पाठ घेऊन निवडते. हे सगळं पोर्टलमधूनच व्हायला हवं. अल्पसंख्याक संस्था याला अपवाद आहेत. त्या स्वतः जाहिरात देऊन भरती करतात, आणि सोलापुरात भाषिक आणि धार्मिक, दोन्ही प्रकारच्या अल्पसंख्याक संस्था आहेत. त्यांच्या जाहिराती पेपरात येतात, म्हणून रविवारचा पेपर चाळत जा.

बाकी कुणी "पद आहे, सांगून ठेवतो" म्हणालं की सावध. आमच्या घरी 2018 ला असा माणूस आला होता. 18 लाख, निम्मे आता आणि निम्मे मान्यता आल्यावर. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई विड्या वळायची. वडिलांनी जागा विकायची तयारी केली आणि मला न सांगता 1 लाखाचा विसार देऊन आले. मी त्या माणसाला तीन गोष्टी विचारल्या: शाळेच्या संचमान्यतेत हे पद मंजूर आहे का, त्याची पोर्टलवर जाहिरात आली का, आणि माझी वैयक्तिक मान्यता कोण काढणार. तो म्हणाला, "मागच्या तारखेची ऑर्डर काढू, 2 मे 2012 च्या आधीची." त्या तारखेला शिक्षक भरतीवर बंदी आली होती, म्हणून आधीची तारीख. मी तेव्हा बी.एस्सी.च्याही वर्गात नव्हते! ऑर्डर कागदावर निघतेही, पण शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) नसेल तर पगार निघत नाही, आणि खोट्या कागदांवर निघाला तर एक दिवस चौकशी लागते. विसाराचा 1 लाख परत मिळवायला 14 महिने गेले, तोही हप्त्याहप्त्याने. वडील आजही त्या रस्त्याने जात नाहीत.

तोवर पोट कशावर? होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूरकडे इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदान नसलेल्या) शाळा भरपूर आहेत आणि त्यांना गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम लागतात. शाळा जूनमध्ये उघडते, पण माणसं मार्च-एप्रिलमध्येच ठरतात. ईमेल पाठवून बसू नका, सकाळी साडेदहाच्या सुमारास स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. पाठाला दहा मिनिटं देतात. मी क्षेत्रफळाच्या पाठाला वडिलांच्या कारखान्यातला चौकड्यांचा टॉवेल घेऊन गेले होते. मुलांनी चौकड्या मोजल्या, लांबीला किती आणि रुंदीला किती, मग गुणाकार त्यांनीच सांगितला. मी फळ्यावर सूत्र शेवटच्या मिनिटाला लिहिलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, इंग्रजी जरा सुधारा, पण सोमवारपासून या. पाठात इंग्रजी अडलं तर थांबा, सोपं वाक्य करा. मुलांकडे पाठ करून फळ्याशी बोलू नका, बहुतेक जण तिथेच बाद होतात.

होकार देण्याआधी हे विचारा, लाज वाटली तरी: पगार बारा महिन्यांचा की दहा? बँकेत की रोख? सहीच्या आकड्याइतकाच हातात येतो का? पीएफ कापतात का? उन्हाळ्यात अॅडमिशनसाठी दारोदार सर्व्हेला पाठवतात का? (पाठवतात. एप्रिलमध्ये सोलापूरच्या उन्हात मी सैफुल भागात दीडशे घरं फिरलेय.) मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणालाही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या. एका शाळेने माझी मूळ बी.एड.ची गुणपत्रिका "वर्ष संपेपर्यंत" ठेवून घेतली होती आणि सीटीईटीचा अर्ज भरताना मी त्यांच्या ऑफिसबाहेर तीन दुपारी काढल्या.

मला तिथे 6 हजार 500 मिळायचे. खरी मिळकत संध्याकाळच्या शिकवणीची होती, अशोक चौकातल्या आमच्या पुढच्या खोलीत दहावीची 14 मुलं. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, अर्धवेळ काम किंवा ज्युनियर कॉलेजचे तासिका तत्त्वावरचे तास घ्या आणि शिकवणी चालवा. पूर्णवेळ शाळेत दिवसभर घसा कोरडा करून रात्री कूटप्रश्न सुटत नाहीत. मी चार वर्षं ते करून बघितलं, 139 आले ते शाळा सोडल्यावर.

केंद्राच्या जागांकडे आपल्या लोकांचं लक्ष कमी असतं. केंद्रीय विद्यालय, नवोदय, एकलव्य निवासी शाळा या सगळ्यांच्या भरत्या देशपातळीवर निघतात, पदवीधर शिक्षकाच्या जागांना तिथे बहुतेक सीटीईटी पेपर दोन लागतो. नवोदय आपल्या मोहोळ तालुक्यात पोखरापूरलाच आहे, पण तिथे नेमणूक मिळेल असं धरून अर्ज करू नका, देशात कुठेही पाठवतात. घर सोडायची तयारी असलेल्यांसाठी पगाराच्या दृष्टीने यासारखं दुसरं नाही. मला आईला सोडून जायचं नव्हतं.

जिल्हा परिषदेत रुजू झाल्यावर शिकवणी बंद करावी लागली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. ती 14 मुलं त्या परवाच्या मुलीकडे सोपवायची असं स्टँडवरच ठरलं. ही बॅच सध्या माझी धाकटी बहीण कशीबशी ओढतेय. गाडी लागली, मी खिडकीशी बसले. ती खालून विचारत होती, "ताई, पण पेपर एक पण देऊन ठेवू का, असू दे म्हणून?"